तडा कुठे थांबतो? : पोलादाच्या ठिसूळ भंगाची प्रस्तावना

१६ जानेवारी १९४३च्या रात्री अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या स्वान आयलंड गोदीत, ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. समुद्रातली चाचणी फेरी आटोपलेली होती. नदीचे पाणी संथ होते आणि वारा बेताचा. हवेचे तापमान शून्याखाली तीनेक अंश, पाण्याचे शून्यावर चारेक अंश. कसलीही पूर्वसूचना न देता डेकच्या मध्यावर तडा गेला, दोन्ही कुशींवरून खाली धावला आणि जहाज मध्यावर मोडले. तळाचे पत्रे तेवढे तुटले नाहीत. त्यांच्या बिजागरीवर जहाजाचा मधला भाग पाण्याबाहेर उचलला गेला आणि पुढचे-मागचे टोक खाली बसले. तो आवाज मैलभर अंतरावर ऐकू गेला होता. त्या क्षणी डेकवर किती ताण होता याचा हिशेब नंतर मांडला गेला. तो सुमारे ६८ मेगापास्कल निघाला, म्हणजे ज्या ताणाला असे पोलाद कायमचे वाकू लागते त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. जहाजबांधणीच्या तेव्हाच्या नियमांत बसणारा, एरवी कुणाचे लक्षही गेले नसते इतका तो किरकोळ होता. या पुस्तकाचा विषय त्या रात्रीच्या कोड्यात सामावलेला आहे. वाकणे, ताणले जाणे, मार सोसणे यासाठी ज्या धातूवर आपण विसंबतो तो काचेसारखा तडकतो कसा, आणि तडकायला लागला की थांबत का नाही?

पोलादाचा भंग दोन तऱ्हांनी होतो. एका तऱ्हेत धातू आधी लांबतो, बारीक होतो, वाकतो आणि मग तुटतो. या तऱ्हेत पाहणाऱ्याला इशारा मिळतो आणि पळायला अवधी मिळतो. दुसऱ्या तऱ्हेत यातले काहीच घडत नाही. पत्र्याची जाडी जवळपास होती तेवढीच राहते, तडा सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो आणि तुटलेले दोन काठ एकमेकांना जुळवून पाहिले तर पुन्हा जोडता येतील असे वाटते. यालाच ठिसूळ भंग म्हणतात. कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विळ्याला पाणी जास्त चढले तर धार टिकत नाही, तिचा टवका उडतो. तडा पसरतो कसा हे कळायला मात्र कापडाच्या दुकानात डोकवावे. दुकानदार कात्रीने काठावर बोटभर छेद देतो आणि दोन्ही हातांनी हिसका मारतो. न कापलेल्या काठावर तोच हिसका कितीही मारला तरी कापड दाद देत नाही, छेद दिला की टर्रकन फाटते. सगळा जोर त्या छेदाच्या टोकाशी एकवटतो. फाटत जाणारे कापड शिवणीशी आले की बहुधा थांबते. ही शिवण ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचा धागा तीच आहे.

रिव्हेट मारून जोडलेल्या जहाजात अशा शिवणी शेकड्यांनी असत. एका पत्र्याला गेलेला तडा त्याच्या कडेपर्यंत येई आणि तिथे संपे, कारण पुढचा पत्रा स्वतंत्र असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जहाजे फार झपाट्याने हवी होती. रिव्हेटऐवजी वेल्डिंग आले, आणि अनेक पत्र्यांचे जहाज बघता बघता एकच अखंड पत्रा झाले. १९४३मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळाने १९४६मध्ये अहवाल दिला, तेव्हा ४,६९४ वेल्डेड व्यापारी जहाजांचा हिशेब मांडला होता. त्यांपैकी ९७० जहाजांत तडे आढळले. २४ जहाजांचा मुख्य डेक आरपार तुटला, आठ जहाजे गमावली आणि २६ माणसे प्राणांना मुकली. सुरुवातीला सगळा दोष वेल्डिंगच्या माथी मारला गेला, आणि तो समज आजही ऐकू येतो. पुरावा मात्र इतका सरळ नाही. त्याच पद्धतीने जोडलेली बहुसंख्य जहाजे शेवटपर्यंत शाबूत राहिली. उलट १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टनमध्ये फुटून २१ माणसांचा बळी घेणारी काकवीची प्रचंड टाकी रिव्हेटनेच जोडलेली होती. युद्धकाळातल्या ‘लिबर्टी’ या मालवाहू जहाजांत पुष्कळ तडे डेकवरच्या चौकोनी हॅचच्या कोपऱ्यांत जन्मले. ते कोपरे गोलसर केले, डेकवर ठरावीक जागी मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या घातल्या, आणि दुर्घटना झपाट्याने घटल्या. दोष एकट्या वेल्डिंगचा असता तर वेल्डिंग तसेच ठेवून कोपरा गोल केल्याने इतका फरक पडला नसता.

या कोड्याचा माग काढणाऱ्यांची पहिली वाट धातूच्या अंतरंगातून गेली. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी युद्धकाळात दाखवून दिले की जहाजांचे पोलाद एका विशिष्ट तापमानाखाली, म्हणजे त्याच्या संक्रमण तापमानाखाली, आपला स्वभावच बदलते. त्याचे मूळ लोखंडाच्या अणुरचनेत आहे. तापमान उतरते तसतसा हा धातू वाकायला अधिकाधिक ताण मागू लागतो, पण स्फटिक उभा चिरायला लागणारा ताण फारसा वाढत नाही. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथून खाली वाकण्याआधी चिरणे सोपे पडते. हे मोजायचे साधन आधीपासून हाताशी होते. जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत १० मिलिमीटर जाडीच्या चौकोनी कांडीला २ मिलिमीटर खोल खाच पाडतात, झुलत्या हातोड्याच्या एका घावात ती तोडतात आणि तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजतात. तुटलेली कांडी हातात घेऊन पाहिली तरी पुष्कळ कळते. चिवट कांडीचे भंगपृष्ठ राखाडी, मळकट, तंतुमय असते आणि तिच्या कडा दबलेल्या असतात. ठिसूळ कांडीचे तोंड खडीसाखर फोडल्यासारखे कणीदार आणि चकचकीत दिसते. मोठ्या पत्र्याच्या भंगपृष्ठावर तर बाणाच्या फाळासारख्या खुणा उमटतात आणि त्या तड्याच्या जन्मस्थानाकडे बोट दाखवतात. तुटलेल्या जहाजांच्या पत्र्यांच्या चाचण्यांतून दिसले की ज्या पत्र्यात तडा जन्मला त्याची शार्पी ऊर्जा त्या दिवसाच्या तापमानाला फार कमी होती. त्यावरून सुमारे २० ज्यूलची मर्यादा पुढे आली. कार्बन कमी, मँगनीज जास्त, कण बारीक, गंधक आणि फॉस्फरस आटोक्यात, ही चिवट पोलादाची कृती या वाटेची देणगी आहे. जहाजांच्या पोलादाच्या आजच्या ए, बी, डी, ई या श्रेणी तिच्यातूनच आल्या.

दुसरी वाट गणिताची. तिचा आरंभही जहाजबांधणीतच झाला. १९१३मध्ये चार्ल्स इंग्लिस यांनी पत्र्यातल्या लंबवर्तुळाकार भोकाभोवती ताण किती वाढतो याचे सूत्र दिले. भोक जितके लांब आणि त्याचे टोक जितके टोकदार, तितका टोकाशी ताण अधिक. पण हे सूत्र शेवटपर्यंत ताणले तर अणकुचीदार तड्याच्या टोकाशी ताण अनंत व्हायला हवा, आणि मग ओरखडा असलेली कुठलीच वस्तू टिकायला नको. ही अडचण १९२०च्या सुमारास फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रातल्या ए. ए. ग्रिफिथ यांनी सोडवली. काचेवर प्रयोग करून त्यांनी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. तडा पुढे सरकला की ताणलेल्या वस्तूतली साठवलेली ऊर्जा मोकळी होते आणि नवे पृष्ठभाग निर्माण करण्यात ऊर्जा खर्च पडते. जमा खर्चाहून अधिक झाली की तडा आपला आपण धावतो. धातूत खरा खर्च नव्या पृष्ठभागाचा नसून टोकाशी धातू मळला जाण्याचा आहे, हे ओरोवान आणि अर्विन यांनी ओळखले. अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज अर्विन यांनी १९५७मध्ये ताण आणि तड्याची लांबी यांना एकाच राशीत बांधले. त्यामुळे अभियंत्याला प्रथमच विचारता आले की अमुक पोलादात, अमुक ताणाखाली, किती लांबीचा तडा खपेल. तड्याची लांबी चौपट झाली की त्याला धावायला पुरणारा ताण निम्म्यावर येतो, हे त्या गणिताचे सगळ्यांत उपयोगी फळ. ब्रिटनमध्ये वेल्स यांनी तड्याचे टोक किती उघडते ते मोजण्याची आणि अमेरिकेत राइस यांनी १९६८मध्ये जे-समाकलाची कल्पना मांडून हे गणित मऊ, वाकणाऱ्या पोलादापर्यंत नेले.

तिसरी वाट कारखान्याच्या जमिनीवरून जाते. वेल्डचा रस थिजताना आकसतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि बाहेरून काहीही भार नसताना सांध्यात मोठा ताण अडकून राहतो. १९४६च्या चौकशी मंडळाने अशा अडकलेल्या ताणांना फारसे महत्त्व दिले नव्हते. पुढे वेल्स यांनी मीटरभर रुंदीचे वेल्डेड पत्रे थंड करून ओढले, तेव्हा वेल्डजवळ खाच असलेले पत्रे अगदी हलक्या ओढीला तुटलेले दिसले. भट्टीत तापवून अडकलेला ताण सैल केला की तेच पत्रे तग धरत. या शास्त्रात जुने निष्कर्ष नव्या प्रयोगांनी असे अनेकदा दुरुस्त केले आहेत. पुलांचा अनुभवही तेच सांगतो. बेल्जियममध्ये आल्बर्ट कालव्यावरचा हॅसेल्टचा वेल्डेड पूल १४ मार्च १९३८ रोजी मोठा आवाज होऊन तडकला आणि काही मिनिटांतच कालव्यात कोसळला. मेलबर्नचा किंग्ज ब्रिज १० जुलै १९६२ रोजी, ऐन हिवाळ्याच्या सकाळी, एका जड वाहनाखाली खचला. तेव्हा त्याला खुला होऊन सव्वा वर्ष झाले होते. खालच्या काँक्रीटच्या भिंतींनी त्याला झेलले म्हणून प्राणहानी टळली. चौकशीत दिसले की गर्डरच्या खालच्या फ्लँजवर जास्तीची पट्टी जोडली होती आणि तिच्या टोकाशी आडव्या मारलेल्या आखूड वेल्डखाली तडे जन्मले होते. काही तड्यांच्या आत रंग उतरलेला सापडला. याचा अर्थ ते तडे कारखान्यात रंग लागण्यापूर्वीच पडले होते, तपासणीतून निसटले होते आणि पुलाबरोबर जागेवर आले होते.

त्या रंगाच्या थराकडे नीट पाहिले तर या पुस्तकाचा मुख्य मुद्दा उमगतो. किंग्ज ब्रिजसाठी निवडलेले पोलाद वेल्डिंगला अवघड होते, आराखड्यातला आडवा वेल्ड ताणाच्या ऐन जागी होता, वेल्डिंगची काळजी अपुरी पडली आणि तपासणीची नजर त्या जागी गेली नाही. यातला एक दुवा जरी पक्का असता तरी पूल बहुधा वाचला असता. ठिसूळ भंगाला तीन गोष्टींची गाठ पडावी लागते : त्या तापमानाला चिवटपणा हरवलेले पोलाद, खाच किंवा तडा, आणि ताण, मग तो बाहेरून आलेला असो की आत अडकलेला. पोलादाची जबाबदारी धातुतज्ज्ञाची, खाचेची आराखडाकाराची आणि वेल्डरची, ताणाची गणित करणाऱ्याची, तापमानाची चालवणाऱ्याची. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत नियमाप्रमाणे वागूनही दुर्घटना घडू शकते, कारण ती हद्दींच्या मध्ये घडते. वेल्डिंगने वस्तू अखंड केली, पण तिच्याविषयीचे ज्ञान आणि तिची जबाबदारी तुकड्यांतच राहिली. तडा कुणाची हद्द पाळत नाही. म्हणून त्याला अडवणारे ज्ञानही एकसंध असले पाहिजे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा प्रश्न जुना झाला, युद्धातल्या जहाजांबरोबर तो संपला. त्याला घटनाच उत्तर देतात. २७ डिसेंबर १९६५ रोजी उत्तर समुद्रातला ‘सी जेम’ हा तेलमंच त्याच्या लोंबत्या दांड्या ठिसूळपणे तुटून कोसळला आणि १३ माणसे गेली. मार्च १९७९मध्ये ‘कुर्दिस्तान’ हे तेलवाहू जहाज गरम ठेवलेले तेल घेऊन कॅनडाजवळच्या बर्फाळ पाण्यात शिरले आणि दुभंगले. तड्याचा उगम बिल्ज कीलच्या सदोष वेल्डमध्ये सापडला. बिल्ज कील म्हणजे जहाज डोलू नये म्हणून तळाच्या वळणावर बाहेरून जोडलेली लांब पट्टी. जहाजाच्या बळकटीचा हिशेब करताना तिला कुणी फारसे मोजत नाही, आणि तडा मात्र तिथूनच निघाला. एकविसाव्या शतकात कंटेनर जहाजे वाढली तसे त्यांच्या हॅचभोवतीचे पत्रे ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत जाड झाले. वेल्डमध्ये निघालेला तडा वळून चिवट पत्र्यात शिरेल आणि थांबेल, असा दीर्घकाळचा भरवसा होता. जपानमधल्या मोठ्या चाचण्यांत जाड वेल्डमधला तडा सरळ धावताना दिसला आणि तो भरवसा ढळला. जहाज वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३मध्ये तडा अडवणाऱ्या पोलादासंबंधी खास नियम आणले ते यामुळेच. तडा जन्मूच देऊ नये की जन्मला तरी तो अडेल अशी सोय करावी, या दोन विचारांतला वाद रॉबर्टसन आणि पेलिनी यांच्या १९५०च्या दशकातल्या चाचण्यांपासून चालत आला आहे. या पुस्तकाचा कौल दोन्हींच्या बाजूने आहे. दोष शोधणारी नजर कधीतरी चुकणारच, आणि त्या चुकीची किंमत संपूर्ण जहाज असता कामा नये.

दुसरा आक्षेप आपल्या हवामानाचा. मुंबई-रत्नागिरीच्या उकाड्यात पोलाद ठिसूळ कसे होईल? हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : पोलादाचे तापमान म्हणजे हवेचे तापमान. २५ सप्टेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या लाँगफर्डच्या वायू प्रकल्पात गरम तेलाचा प्रवाह थांबला आणि एक उष्णता-विनिमयक आतल्या थंडीने शून्याखाली चाळीसहून अधिक अंशांपर्यंत गोठला. त्यात पुन्हा गरम तेल सोडताच तो तडकला. दोन कामगार मृत्युमुखी पडले आणि व्हिक्टोरिया राज्याचा वायुपुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. लाँगफर्डला काही बर्फ पडत नव्हते. आपल्या दाभोळच्या टर्मिनलमध्ये येणारा द्रवरूप वायू उणे १६२ अंशांचा असतो, आणि दाबाखालचा वायू एकदम सोडला की साधी नळीही झटकन थंड होते. शिवाय तापमान हा एकच घटक नाही. पत्रा जितका जाड, तितकी त्याच्या मध्याला वाकायची मोकळीक कमी आणि संक्रमणाचे तापमान वर. १९६५मध्ये इंग्लंडमध्ये एका अमोनिया कारखान्यासाठी बनवलेले, सुमारे १५० मिलिमीटर जाडीचे भांडे कारखान्याबाहेर पडण्याआधीच पाण्याच्या दाबचाचणीत फुटले. आपल्या आय एस २०६२ या मानकातही ही जाण आहे. त्याच्या ए उपश्रेणीला आघात-चाचणी लागत नाही, बी-शून्य उपश्रेणीला शून्य अंशावर आणि सी उपश्रेणीला उणे २० अंशांवर लागते. खरेदीच्या कागदावर नुसते ‘ई २५०’ लिहून उपश्रेणीचे अक्षर राहिले, तर चिवटपणाचा प्रश्न विचारलाच गेला नाही असा त्याचा अर्थ होतो. हे काम आपल्याला अशक्य नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेने विकसित केलेले डीएमआर २४९ए पोलाद कडक थंडीतही चिवट राहते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका त्याचीच आहे, आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या युद्धनौकांतही तेच वापरले आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोहक आहे : चांगले पोलाद घ्या, प्रश्न मिटला. ‘टायटॅनिक’च्या अवशेषांतून वर आणलेल्या पत्र्यांचे संक्रमण तापमान आजच्या पोलादाच्या तुलनेत फार चढे निघाले, तेव्हा ‘जहाज ठिसूळ पोलादाने बुडाले’ असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. पण ते पोलाद त्या काळच्या मानाने सर्वसाधारणच होते. हातोड्याचा घाव आणि हिमखंडाचे घसटणे यांतही फरक आहे, आणि रिव्हेटच्या लोखंडातल्या मळीकडेही संशोधकांनी लक्ष वेधले आहे. एका कांडीच्या चाचणीवरून संपूर्ण जहाजाचा निकाल लावता येत नाही. शार्पीची कांडी १० मिलिमीटरची आणि पत्रा ८० मिलिमीटरचा. त्या दोहोंमधले अंतर गणिताने आणि मोठ्या चाचण्यांनी भरून काढावे लागते. उलट नुसते गणितही अपुरे पडते, कारण तड्याची लांबी कुणी तरी बॅटरी आणि प्रोब घेऊन टाकीच्या पोटात उतरून मोजल्याशिवाय सूत्रात घालायला आकडाच मिळत नाही. उत्तम पोलाद महाग असते हेही खरे. सगळीकडे सर्वोत्तम वापरा असा आग्रह धरण्यापेक्षा कुठे वापरायचे हे ओळखता येणे महत्त्वाचे, आणि ती ओळख तिन्ही वाटा माहीत असणाऱ्यालाच असते.

म्हणून या पुस्तकाची रचना वाटांप्रमाणे न करता तड्याच्या प्रवासाप्रमाणे केली आहे : तो जन्मतो कुठे, दबा धरून किती काळ राहतो, कशाने सुटतो, कुठून धावतो आणि कशापाशी थांबतो. या प्रत्येक टप्प्यावर धातुतज्ज्ञ, गणिती, वेल्डर आणि तपासनीस यांना एकाच पानावर बसवण्याचा प्रयत्न आहे. वाचकाकडून बारावीपुरते भौतिकशास्त्र अपेक्षित आहे, त्याहून अधिक नाही. हे मराठीत लिहिण्याला कारण आहे. आपल्याकडे आराखड्याची टिपणे इंग्रजीत असतात आणि सांधा जोडणारे हात पुष्कळदा मराठी बोलतात. या दोन भाषांच्या मधली फट हीही एक हद्दच आहे, आणि हद्दींवर काय होते ते आपण वर पाहिले. खाच, तडा, चिवट, ठिसूळ, पाणी देणे हे शब्द कारखान्यात आधीपासून नांदत आहेत. त्यांना नेमका अर्थ देऊन शास्त्रात आणणे एवढेच या पुस्तकाने केले आहे. रिव्हेटच्या जहाजात तडा अडवणारी शिवण होती, आणि तडा अडवण्यासाठी ती कुणी योजली नव्हती. वेल्डिंगने ती गेली. आता ती जाणून-बुजून घालावी लागते : कधी चिवट पोलादाच्या पट्टीच्या रूपाने, कधी गोल केलेल्या कोपऱ्याच्या, तर कधी रंगाचा डबा उघडण्याआधी वेल्डवरून एकदा बोट फिरवून पाहणाऱ्या माणसाच्या रूपाने. त्या माणसाच्या हाती हे पुस्तक पोचावे, अशी इच्छा आहे.